इलेक्ट्रिक रंधा कोणता घ्यावा? दारं, जुनं सागवान आणि थोडं हौशी फर्निचर

सागरगोटा

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक रंधा घ्यायचाय, हातात धरून चालवतात तो पॉवर प्लेनर. बरेच दिवस साइट चाळतोय आणि जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय. ६५० वॉट, ८४० वॉट, ८२ एमएम, ११० एमएम, त्यात 'रिबेट डेप्थ' नावाचं आणखी एक प्रकरण.

कामं तीन आहेत. गुहागरकडच्या घराची दारं पावसाळ्यात फुगून बसतात, ती मोकळी करायची. जुनी पडवी उतरवली तेव्हाचे सागाचे वासे आणि फणसाच्या फळ्या पडून आहेत, त्या साफ करून जेवणाचं टेबल आणि बाक करायचं मनात आहे. आणि पुण्यातल्या फ्लॅटमधलं किरकोळ, म्हणजे कपाटाचं दार घासतंय, प्लायची कड सरळ करायचीय, असलं काही.

बजेट आठ-दहा हजार. हातरंधा मारता येतो पण हात बसलेला नाही. धंदा करायचा नाहीये. कंपनीचं नाव सांगाच, पण कशासाठी काय लागतं ते सांगितलंत तर जास्त बरं.

पटाशी

गुहागरची दारं फळ्यांची आहेत की पॅनेलची? म्हणजे उभ्या फळ्या शेजारी शेजारी लावून मागून आडव्या पट्ट्या ठोकलेली, की उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या खाचेत पातळ फळी बसवलेली? आणि वाशांत खिळे किती? हे कळल्याशिवाय मशीनचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

मिस्त्री_शिरोळकर

दादा, धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. आमच्या शिरोळात केपीटीचा कारखाना, त्यामुळं इलेक्ट्रिक हत्यारांचं कौतुक गावाला लहानपणापासून.

पहिलं रुंदीचं बघा. ८२ एमएम म्हणजे साधारण सव्वातीन इंच. हे जगभर चालणारं माप, पाती कुठल्याही गावात मिळतात. ११० एमएम कुणाला लागतं? चौकटी करणाऱ्याला. चौकटीचा माल चार बाय अडीच इंचाचा असतो. चार इंच म्हणजे १०१ एमएम, ती बाजू ११० चं मशीन एका फेरीत मारतं. ८२ नं दोनदा मारावी लागते आणि मधे शीर उरते, ती परत काढत बसा. म्हणून आमच्यातले निम्मे लोक मकिताचं १९११बी घेऊन फिरतात. पण त्याचं वजन चार किलोच्या वर. दार उभं धरून त्याच्या कडेवर ते मशीन चालवलं की संध्याकाळी मनगट बोलतं. दाराची कड असते ३० ते ३५ एमएम जाड, तिला ११० चं काय करायचंय? तुम्ही डोळे झाकून ८२ घ्या.

दुसरं वॉट. ५८० ते ७०० बास झालं. खोक्यावर २.६ एमएम खोली लिहितात, पण सुक्या सागावर पूर्ण रुंदीनं अडीच एमएम कोण काढतंय? मशीन कण्हतं, आतला मोटरचा पट्टा घसरतो, लाकडाचे कपचे उडतात. अर्धा ते एक एमएमच्या फेऱ्या मारायच्या. मकिताच्या एन१९००बी ची कमाल खोलीच एक एमएम आहे आणि त्यावर लोकांचा जन्म गेला.

तिसरं, तुम्ही 'रिबेट डेप्थ' म्हणालात ते म्हणजे पताम. चौकटीत दार बसायला जी पायरी काढतो ती. साध्या मशीनला पतामाची खोली ९ एमएमपर्यंत मिळते. चौकटीचा पताम त्याहून खोल, १२ एमएमच्या आसपास असतो, म्हणजे साध्या मशीनवर तो होतच नाही. मकिताचं केपी०८१० पंचवीस एमएमपर्यंत जातं, पण ते वजनदार आणि महाग. तुमच्या तीन कामांत पताम कुठंच नाही, मग त्याचे पैसे कशाला द्यायचे?

नावच पाहिजे तर बॉश जीएचओ ६५०० नाहीतर मकिता एन१९००बी. दोन्हीचे मोटरचे कार्बन ब्रश, पट्टा, पाती सहज मिळतात. भाव दुकानागणिक बदलतो, तीन ठिकाणी विचारा.

धारकरी

मिस्त्रींचं सगळं मान्य. पण मूळ धागाकर्त्याने टेबल म्हटलंय म्हणून जरा कडू बोलतो. हे मशीन फिनिशिंगचं नाही आणि फळी सपाट करण्याचंही नाही. लाकूड भराभर कमी करायचं आणि कडा मारायच्या, एवढंच त्याचं काम. हे आधी कळलं नाही तर माणूस दहा हजार घालवून वर मशीनला शिव्या देतो.

आत एक ड्रम फिरतो, बहुतेक मशीनमध्ये त्याला दोन पाती. ड्रम गोल असल्यामुळे प्रत्येक पातं लाकडात एक उथळ खळगी करतं. मिनिटाला १६,५०० फेरे धरले तर ३३,००० खळग्या. हात मिनिटाला पाच मीटर वेगाने सरकला तर दोन खळग्यांत ०.१५ एमएम अंतर पडतं, बोटालासुद्धा कळत नाही. घाईत पंधरा मीटरने ओढलंत की तेच अंतर ०.४५ एमएम होतं, आणि पॉलिश चढवून खिडकीच्या तिरप्या उजेडात बघितलं की सगळ्या लाटा मोजून घ्या. त्यात एक पातं दुसऱ्यापेक्षा केसभर वर असेल तर कापतं ते एकटंच, म्हणजे अंतर दुप्पट.

आता सपाटीचं. मशीनचा तळ जेमतेम फूटभर. सहा फुटी फळीला बाक असेल तर हे मशीन त्या बाकावरून चढतं आणि उतरतं. फळी गुळगुळीत होते, सरळ होत नाही. लांब तळाचा हातरंधा बाकाच्या टोकांवर टेकतो आणि मधला भाग आपोआप सोडतो, म्हणून त्याने सरळ होते. पाच नंबरचा लोखंडी जॅक रंधा चौदा इंची असतो, सात नंबरचा बावीस इंची. भारतात बनलेला पाच नंबर परवडतो. एकदा बसून पातं घासायचं आणि तळ पाण्याच्या पॉलिश पेपरवर काचेवर ठेवून सपाट करायचा, मग जन्माचा सोबती.

तेव्हा टेबलासाठी जोडी घ्या. मशीनने कचरा उडवा, पीळ आणि बाक हाताने काढा.

सागरगोटा

बापरे, एवढं सगळं! आभार.

पटाशी, पुढचं दार पॅनेलचं आहे, मागची दोन आणि न्हाणीघराचं फळ्यांचं. सगळ्यांवर वर्षानुवर्षांचे ऑइल पेंटचे थर. वाशांत खिळे आहेत, काही तर वरून तुटलेले, आत नुसतं गंजकं टोक.

धारकरी, म्हणजे मशीन घेऊच नको म्हणताय का?

धारकरी

घ्या हो. पण टेबल त्यातून बाहेर पडेल असं धरून चालू नका.

कोकणकाठ

दारांबद्दल मी बोलतो, आम्ही त्याच हवेत राहतो. मशीन कुठलंही घ्या, पण ऑगस्टमध्ये दाराला रंधा लावू नका. कोकणात निम्मी दारं अशीच वाया गेली. भर पावसात दार घासतं, माणूस चिडतो, दोन सूत काढून टाकतो. एप्रिलमध्ये बघावं तर कडेतून पाल आत येते.

थोडा हिशोब मांडतो. साग ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत सुमारे ५.८ टक्के आकसतो. हे जास्त आकसणाऱ्या दिशेचं, उभ्या चिरेच्या फळीत निम्म्याहून कमी. लाकडातला ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली आला की आकसणं सुरू होतं. म्हणजे ओलावा एक टक्का बदलला की रुंदी जवळपास ०.२ टक्के बदलते. मे ते ऑगस्ट लाकडाचा ओलावा सहा टक्के चढला असं धरा.

तुमचं पॅनेलचं दार घ्या. दोन उभ्या पट्ट्या, प्रत्येकी चार इंच, मिळून २०० एमएम. मधली फळी खाचेत सुटी, ती फुगली तरी खाचेतच राहते. म्हणून दार वाढतं दोन-अडीच एमएम. आता फळ्यांचं दार, तीन फूट, म्हणजे ९०० एमएम सलग लाकूड. तेच गणित लावलं तर दहा एमएमच्या घरात. फळ्यांच्या मधे फट सोडलेली असेल तर त्यातलं बरंच ती गिळते. जुने सुतार फट सोडायचे ते याचसाठी, आणि आपण ती पुट्टीने भरतो, मग दार चौकटीत बसतं ते गणपतीनंतरच निघतं.

पावसात करायचं एवढंच की कुठे घासतंय तिथे खडूची खूण करून फोटो काढून ठेवायचा. बिजागरीचे स्क्रू ढिले झाले असतील तर आधी ते घट्ट करा, बऱ्याच दारांचा रोग तिथेच असतो. मशीन काढा डिसेंबर-जानेवारीत. खुणेपाशी एक ते दीड एमएम, बास. आणि रंधा मारलेली कड उघडी ठेवलीत तर पुढच्या पावसात ती आणखी पाणी पिईल. त्याच दिवशी प्रायमर किंवा पॉलिश चढवा. वरची आणि खालची कड तर कुणी रंगवतच नाही, आडव्या कापातून पाणी सगळ्यात जास्त शिरतं. दार बिजागरीवरून उतरवलंच आहे तर खालूनही रंगवून घ्या.

उसगावचा_सुतार

वा कोकणकाठ, हे छापून कार्यशाळेत लावणार आहे. इथे ओहायोमध्ये उलटा हंगाम. हिवाळ्यात घरात हीटिंग, लाकूड सुकून खडखडीत, उन्हाळ्यात दमट हवेने दारं अडतात. उपाय मात्र तोच.

दोन गोष्टी जोडतो. पहिली, कडीच्या बाजूची कड काटकोनात मारू नका, दोन-तीन अंश तिरपी मारा. दार ज्या बाजूला उघडतं त्या बाजूला दार थोडं रुंद, चौकटीच्या पतामाला टेकणाऱ्या बाजूला अरुंद. दार फिरताना पतामाकडचा कोपरा चौकटीला पहिला घासतो, तो यामुळे सुटतो, आणि बाहेरून फट दिसते तेवढीच राहते. मशीनसोबत बाजूचा गाइड येतो, म्हणजे लाकडाला बाजूने टेकून मशीनचा कोन धरणारी पट्टी. काहींचा गाइड नुसता ९० अंशाचा, काहींचा कोनात वळतो. दारांचं काम असेल तर वळणारा घ्या. तो नसेल तर गाइडला मागून पातळ पाचर चिकटवली तरी चालतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'वर्षानुवर्षांचे ऑइल पेंटचे थर' वाचून दचकलो. जुन्या रंगात शिसं असतं. अमेरिकेत घरगुती रंगात शिशावर १९७८ साली बंदी आली. भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती लागू झाली २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीचा रंग असेल तर त्याच्यावर मशीन चालवू नका. हे यंत्र रंगाची पूड करून सगळ्या घरात पसरवतं, आणि लहान मुलांच्या पोटात गेलेलं शिसं मेंदूवर जातं. पेंट रिमूव्हरने किंवा पाणी मारत खरवडून कडेचा रंग आधी काढा, खाली प्लास्टिक अंथरा, पोरांना लांब ठेवा. लाकूड उघडं झाल्यावर मशीन.

शिवाय रंगाचे थर पात्याची धारही मारतात.

आरती_लाकूडकाम

नाशिकहून. मी घरच्या घरी बाक, स्टूल, पाट करते, त्यामुळे मशीन निवडताना माझे निकष मिस्त्रीदादांपेक्षा वेगळे आहेत.

दुकानात हातात धरून बघा. पुढची मूठ म्हणजेच खोलीचं बटण असतं. ते फिरवताना टकटक असा आवाज येऊन जागेवर बसतं का? स्वस्त मशीनमध्ये ते काम करताना आपोआप फिरतं आणि अर्ध्या एमएमची फेरी एक एमएमची होते. स्विचचं लॉक बघा. नुसतं बोट लागून चालू होणारं नको, अंगठ्याने आधी कळ दाबावी लागते तसं हवं. मागे तळाखाली एक छोटा पाय असतो, मशीन ठेवलं की तो खाली येतो आणि पाती जमिनीला टेकत नाहीत. बंद केल्यावर ड्रम काही सेकंद फिरतच राहतो, म्हणून हा पाय चैनीची गोष्ट नाही. काही मशीनना तो नसतोच. तिथे मशीन आडवं ठेवायची सवय लावून घ्यावी लागते.

भुसा कुठून निघतो तेही बघा. काही मशीनमध्ये फक्त उजवीकडून, काहींत दोन्ही बाजू बदलता येतात. फ्लॅटमध्ये हे फार जाणवतं. पिशवी पाच मिनिटांत भरते आणि नळी तुंबते, व्हॅक्यूम जोडलेला बरा. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ सालीच पहिल्या गटात घातलंय, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांच्या यादीत. रुमाल बांधून चालत नाही, एन९५ हवा. कानाला मफ किंवा बोळे हवेतच, याचा आवाज ड्रिलपेक्षा फार कर्कश.

बॅटरीचं कुणी विचारलं नाही, तरी सांगते. तुमच्याकडे आधीच एखाद्या कंपनीची १८ व्होल्टची बॅटरी असेल तरच त्याच कंपनीचा नुसता प्लेनर घ्या. दार उतरवायला शिडी, वर वायरचा गुंता, तिथे सोय होते. बॅटरी आणि चार्जरसकट नवीन घ्यायचं तर बजेट उडेल. १२ व्होल्टचा बॉशचा छोटा मिळतो, रुंदी ५६ एमएम. कपाटाच्या दारांना गोड आहे, वाशांना नाही.

चंद्रपुरी

मी बल्लारशाकडचा, सागवानातच वाढलो. एक गोष्ट कोणी बोललंच नाही. सागात वाळूचा अंश असते, सिलिका म्हणतात तो. दिसत नाही, पण धार खाऊन टाकते. साधं हायस्पीड स्टीलचं पातं सागावर लवकर बोथट होते. कार्बाइड टिपचं घ्या. लहान दुधारी पट्टी मिळते, ८२ बाय ५.५ बाय १.१ एमएम. एक बाजू गेली की उलटी करून लावा, दुसरी गेली की फेका. धार लावायची कटकट नाही.

हायस्पीड स्टीलचं पातं घासता येते हे खरं, आणि त्याची धार सुरुवातीला जास्त तेज असते. पण दोन्ही पाती सारखीच घासली पाहिजे, नाहीतर वजन कमीजास्त होऊन मशीन थरथरते. नवीन माणसाला ते जमत नाही.

आणि एक आयडिया. मशीन उलटं करून टेबलाला कसा, वरून फळी सरकवा. झालं जॉइंटर, म्हणजे फळीची कड सरळ करायचं मशीन! आमच्याकडे सगळे करतात. टेबलाच्या फळ्यांच्या कडा मस्त सरळ होतात.

आरती_लाकूडकाम

चंद्रपुरी दादा, पात्यांचं एकदम बरोबर. पण उलटं कसायचं मी नवशिक्याला सांगणार नाही. स्विच दोरीने किंवा टेपने बांधून चालू ठेवावा लागतो, पात्यांवर झाकण नसतं आणि दोन्ही हात पात्यांच्या दिशेने ढकलत असतात. लाकूड आखूड असलं की ते मागे फेकलं जातं आणि हात पुढे जातो. बोटं गेलेली माणसं आपण सगळ्यांनीच बघितलीत.

चंद्रपुरी

काहून एवढ्या घाबरता ताई? वीस-वीस वर्षं करून राहिले लोक. लक्ष ठेवलं तर काही होत नाही.

मिस्त्री_शिरोळकर

भाऊ, मी पण केलंय तसं काम, पण ताईंचंच खरं. करायचंच तर स्वतंत्र स्टँड मिळतो, त्याला पात्यावर झाकण असतं, फळी पुढं गेली की आपोआप बंद होतं, आणि बाजूला कुंपणपट्टी असते. ज्या मशीनला कंपनीचा स्टँड नाही ते उलटं करायचं नाही. आणि फुटापेक्षा आखूड तुकडा त्याच्यावर घालायचाच नाही, स्टँड असो नसो.

त्यापेक्षा सागरगोटा दादांना सोपा मार्ग सांगतो. टेबलाच्या फळ्या वखारीत न्या. मोठ्या वखारीत रंधा मशीन आणि जाडी काढायचं मशीन दोन्ही असतं, फुटावर पैसे घेतात. सहा फुटी फळ्या अर्ध्या तासात चारी बाजूंनी सरळ करून देतील. तुमचं दोन महिन्यांचं काम. फक्त खिळ्याचा माल ते घेत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. एक खिळा लागला की त्यांचं अख्खं पातं वाया.

म्हणून आधी खिळे काढा. जाड लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून हळू फिरवा, जिथं ओढ लागेल तिथं खडूची खूण करा. तुटका खिळा असेल तर भोवतीनं पटाशीनं थोडं कोरून पक्कडीनं धरा. येतच नसेल तर पोकळ ड्रिलनं गोल तुकडाच काढा आणि तिथं त्याच लाकडाची गुल्ली बसवा. जुन्या सागाला ती गुल्ली शोभते पण.

पटाशी

आणि वाशांवरची माती! कौलांखालची शंभर वर्षांची धूळ लाकडात बसलेली असते. तारेच्या ब्रशने आणि पाण्याने धुऊन सुकवल्याशिवाय त्यावर कुठलंही पातं लावू नका. खिळ्यांपेक्षा जास्त पाती मातीने जातात, फक्त ठिणगी उडत नाही म्हणून कळत नाही.

सागरगोटा

वखारीचं डोक्यातच आलं नव्हतं. मग ठरलं, ८२ एमएम, दारांसाठी आणि वासे सोलण्यासाठी, टेबलाचा माल वखारीत, शेवटचा हात जॅक रंध्याने. पात्यांची मांडणी दुकानदार करून देतो का? आणि शेवटाला खड्डा पडतो असं ऐकलंय, तो का?

मिस्त्री_शिरोळकर

दुकानदार काय करून देत नाही, खोकं देतो आणि पावती देतो. घरी आल्यावर स्वतः तपासा.

प्लग काढा. आधी प्लग काढा, मग बाकी. मशीन उलटं धरा. मागचा तळ स्थिर असतो, पुढचा खोलीच्या बटणानं वरखाली होतो. एक सरळ लाकडी पट्टी मागच्या तळावर ठेवून ती ड्रमच्या वर येऊ द्या आणि ड्रम हातानं फिरवा, बोट पात्याला न लावता. पातं पट्टीला नुसतं चाटून गेलं पाहिजे, दोन्ही टोकांना सारखं. पट्टी ओढून पुढं नेत असेल तर पातं वर आहे. अजिबात लागत नसेल तर खाली आहे.

वर असेल तर मागचा तळ अधांतरी राहतो. पुढचा तळ लाकडावरनं सुटला की मशीन खाली बसतं आणि शेवटी खड्डा पडतो. खाली असेल तर मागचा तळ न कापलेल्या उंचीवर चढतो, कापणं कमी कमी होत जातं आणि मशीन नुसतं घसरायला लागतं. लोक मग जोर लावतात. दुधारी कार्बाइड पट्ट्या खाचेत ठरलेल्या जागीच बसतात, त्यांना हा त्रास कमी. मोठ्या पात्यांना सोबत गेज येतं, ते हरवू नका.

पाती बरोबर असून खड्डा पडत असेल तर तो हाताचा आहे. सुरुवातीला वजन पुढच्या मुठीवर, मधे दोन्हीवर, शेवटाला मागच्या मुठीवर. पुढची मूठ शेवटाला दाबली की नाक खाली जातं. आणि चालू करून, पूर्ण वेग आल्यावरच लाकडाला लावा.

रेषेचं विसरू नका. कडेवरून बघा, रेषा ज्या दिशेला वर चढत जातात त्याच दिशेनं मशीन न्या. उलटं नेलं की लाकूड उपटतं. फणसात रेषा ठिकठिकाणी फिरते, तिथं पाव एमएमची फेरी आणि सावकाश हात.

उसगावचा_सुतार

एक भर. दाराची वरची किंवा खालची कड मारताना शेवटाला उभ्या पट्टीचं आडवं टोक येतं. सरळ पार गेलात तर तिथला कपचा उडतोच. दोन्ही टोकांकडून मधे या, किंवा टोकाला एक टाकाऊ तुकडा शिकंजाने आवळा, कपचा उडायचाय तो त्याचा उडेल.

हौशी_गुण्या

वाचनमात्र होतो, एक शंका विचारतो. माझ्याकडे ८२ एमएमचं मशीन आहे. १२ एमएमच्या प्लायची कड मारताना तळ डुगडुगतो आणि कड तिरपी होते. गाइड लावूनही तेच. शिवाय पाती लगेच गेली. मशीन खराब का?

आरती_लाकूडकाम

मशीन ठीक असावं. १२ एमएमच्या कडेवर ८२ एमएमचा तळ तोलायचा म्हणजे तो डुगडुगणारच. प्लायच्या दोन्ही बाजूंना दोन जाड, सरळ पट्ट्या कडेच्या पातळीला आणून शिकंज्याने आवळा. तळाला टेकायला तीन-चार इंच जागा मिळते आणि तिघांची कड एकदम मारली जाते. पट्ट्या पाइनच्या चालतील, पॅकिंगच्या लाकडातल्या घेतल्यात तर खिळे बघून घ्या.

पाती गेली ती प्लायमधल्या गोंदामुळे. थरांमधला चिकटलेला गोंद लाकडापेक्षा फार कडक, आणि ड्रमवर तो दरवेळी त्याच जागी आदळतो. म्हणून पात्याला तेवढ्याच रुंदीचा खळगा पडतो. पुढच्या वेळी साध्या लाकडावर रंधा मारलात की तिथे एक उंच रेघ उरलेली दिसेल. गाइडची जागा दरवेळी थोडी सरकवत गेलात तर झीज पसरते. एमडीएफचंही तसंच. सनमायका लावलेली कड मात्र या मशीनने मारूच नका, त्याला ट्रिमर घ्या.

हौशी_गुण्या

ती उंच रेघ दिसतेच आहे. पाती उलटी करून बघतो आणि पट्ट्या आवळून करतो.

मिस्त्री_शिरोळकर

उलटी करताना दोन्ही एकदमच करा, एक जुनी एक नवी ठेवू नका. आणि मोटरच्या पट्ट्याचं झाकण उघडून आतला भुसा फुंकून घ्या, प्लायची धूळ बारीक असते, ती तिथंच साचून पट्टा खाते. एक जादा पट्टा विकत आणून खोक्यात टाकून ठेवा. तुटतो तो नेमका रविवारी.